बास्कलचं राहिलेलं प्रकरण

६ मे, सोमवार

पंचवीस वर्षांनी शुएरेबांच्या घरचं कुणीतरी आमच्या उंबऱ्याच्या आत आलं. बास्कलची मुलगी, डोरियान. मेलबर्नला असते. फेब्रुवारीत बापाला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून इथंच आहे. मी तिला जवळून पाहिली होती तेव्हा ती चौदा वर्षांची होती, दातांना तार लावलेली. आता केस पिकायला लागलेत.

खुर्चीवर टेकायच्या आत म्हणाली, “झियू विस्टिन, पपांचं पुस्तक छापायचंय. आपल्या गावाचं. तपासून द्यायला तुमच्याशिवाय कुणी नाही.”

झियू म्हणजे काका. काका म्हणवून घ्यायचे माझे दिवस गेले. मी म्हटलं, “तुमच्या लाल बँड क्लबात एवढी शहाणी माणसं आहेत. त्यातलं एखादं बघ.”

“लाल क्लबातली शहाणी माणसं ट्रॉम्बोन वाजवतात, झियू.”

“मग वाजवू देत. माझे डोळे गेलेत, गुडघा गेलाय. आणि तुझ्या बापाचं-माझं बोलणं नाही, हे तुला ठाऊक आहे.”

“पपांचं आता कुणाशीच बोलणं नाही,” ती म्हणाली.

तेवढ्यात चेट्टा स्वयंपाकघरातून ओरडली, “करेल तो. गुरुवारपासून येईल.”

माझी धाकटी बहीण. अडुसष्ट वर्षांची झाली, अजून माझी उत्तरं तीच देते. भांडायचा मला कंटाळा आला.

९ मे, गुरुवार

गेलो. दोन गल्ल्यांचं अंतर, पण आग्नेयेचा दमट शलोक वारा सुटलेला, अंगाला चिकटणारा. चेट्टानं हातात सुपाचा डबा दिला, तो सांभाळत गेलो.

बास्कल खिडकीशी खुर्चीत होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते विसरलो. म्हटलं, “कसा आहेस?”

“हो,” तो म्हणाला.

डोरियाननं सांगितलं, तेवढा एकच शब्द उरलाय. भूक लागली तरी हो, नको असलं तरी हो. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात. शब्द बाहेर यायची वाट बुजलीय.

सूप मात्र वाटीभर प्यायला. “माझ्या हातचं दोन चमच्यांवर जात नाही,” डोरियान म्हणाली. चेट्टाला मिठाचा अंदाज चांगला आहे.

१४ मे, मंगळवार

चारशे बारा पानं. टंकलेखन यंत्रावर केलेली, जुनी. शेवटच्या पानावर तारीख १९९८. म्हणजे माणसानं पुस्तक लिहून सव्वीस वर्षं नुसतं कपाटात ठेवलं. आमच्या या बेटावर दर गावात एक तरी माणूस गावाचा इतिहास लिहीत असतो आणि निम्मे तो लिहिता लिहिता मरतात. बास्कल त्यातलाच. सुरू करणं छान, संपवणं नाही.

पण वाईट नाही. मला वाटलं होतं त्याहून बरंच बरं आहे. कापसाच्या मागांवरचं प्रकरण वाचताना मी चहा गार केला. घराण्यांच्या टोपणनावांवर चाळीस पानं आहेत. आम्हा झेराफांना ‘झोपाळू’ का म्हणतात तेही लिहिलंय: युद्धात आमचे आजोबा घंटाघरावर विमानांवर लक्ष ठेवायला बसवले होते, ते तिथंच घोरत पडले. बॉम्ब पडून गेल्यावर जागे झाले आणि त्यांनी घंटा वाजवली. पंचवीस वर्षांपूर्वी गावावर मी छापलेल्या माझ्या पुस्तकात हे घातलं नव्हतं. बास्कलनं घातलंय, पण कुचेष्टेनं नाही. वाचताना आजोबांची दया आली.

एक घोळ आहे. सातवं प्रकरण, ‘आपलं चर्च’. नुसतं शीर्षक, खाली कोरं पान. गावाच्या पुस्तकात गावाचं चर्चच नाही!

२१ मे, मंगळवार

नकार द्यायला हवा होता. रोज दोन तास मोठ्यानं वाचतो, कारण डोरियान म्हणते पपांना ऐकू दे. घसा बसलाय.

परत येताना स्पीरूनं गाठलं. गावात दोन बँड क्लब, लाल आणि निळा, उत्सवात एकमेकांवर कुरघोडी करणारे; हा आमच्या निळ्या क्लबाचा अध्यक्ष. उत्सवाचं शोभेचं दारूकाम त्याच्याकडेच असतं, त्यामुळे भुवया कधी असतात, कधी नसतात. सध्या आहेत.

“काय मास्तर, लालांच्या घरी शिकवणी धरलीत म्हणे?”

“आजारी माणूस आहे, स्पीरू.”

“असू दे की. मी कुठं काय म्हणतो? फक्त अठ्ठावीस जुलैला उत्सवाचं भाषण आपल्या चौथऱ्यावरून करायचंय, सवयीनं त्यांच्याकडे चढू नका.”

यंदा चर्चच्या अभिषेकाला तीनशे वर्षं. सतराशे चोवीस ते दोन हजार चोवीस. हे साल माझ्या पुस्तकानं गावाला दिलं. आता संगमरवरी पाटी तयार आहे, बिशप यायचे आहेत, गावाची संत सांत आन्ना, तिच्या मूर्तीला नवा मुकुट. स्पीरूनं खास तीनशे बारांची माळ बांधलीय. मी आनंद व्हायला हवा म्हणून थोडा थांबलो. झाला नाही. उकडत होतं.

३ जून, सोमवार

सातव्या प्रकरणाची टिपणं कुठं असतील ती शोधायची ठरली. बास्कल सगळं बिस्किटांच्या डब्यांत ठेवतो. एकोणीस डबे निघाले. चेट्टा मदतीला आली. डोरियान पाणी आणायला उठली तर चेट्टा म्हणाली, “बस तू, मी आणते,” आणि सरळ जिन्याखालच्या कपाटातून पेले काढले. आमच्या घरी मी चष्मा कुठं ठेवला ते मला सापडत नाही, ही परक्या घरात पेले शोधून काढते. बायकांना ते कसं कळतं देव जाणे.

अकराव्या डब्यात ‘चर्च’ असं लिहिलेला लिफाफा होता. आत एकच चिठ्ठी. बास्कलचं बारीक अक्षर:

‘पाया खणण्यासाठी गवंड्याशी केलेला करार, सतराशे एकतीस. बिशपांच्या भेटीची नोंद, अभिषेक सतराशे पस्तीस. दोन्ही मूळ कागद स्वतः पाहिले. वि. चं साल चुकीचं आहे. ११ मार्च १९९९.’

मी ती घडी घालून खिशात टाकली. डोरियाननं विचारलं, “सापडलं काही?” मी म्हटलं, “नाही.” बास्कल माझ्याकडे बघत होता. “हो,” तो म्हणाला.

५ जून, बुधवार

बसनं राजधानीला, वालेटाला गेलो. नोटरी दफ्तरखान्यातल्या मुलीनं हातमोजे दिले आणि दस्तांचा तो जाड खंड समोर ठेवला. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. कराराची तारीख स्वच्छ आहे. एकतीस साली ज्याचा पाया खणायचा होता, त्या चर्चवर चोवीस साली अभिषेक होऊ शकत नाही. बिशपांची नोंद पाहायलाही गेलो. पस्तीस.

इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. माझ्या पुस्तकात त्या सालाखाली तळटीप आहे: ‘मूळ कागद पाहिला.’ मी तो पाहिला नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या एका पाद्रीबुवांनी केलेली यादी पाहिली होती आणि तीवर विसंबलो. छापखान्याची घाई होती. शाळेच्या परीक्षा होत्या. चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो, स्वतः पाहिल्याशिवाय लिहू नका.

परतीच्या बसमध्ये बसायला जागा होती, तरी उभाच राहिलो.

६ जून, गुरुवार

तो दिवस आठवला. एकोणीस मार्च, सेंट जोसेफचा सण, सुटी. माझं पुस्तक छापखान्यात होतं. तेव्हा बास्कल दर गुरुवारी आणि सणासुदीला आमच्याकडे यायचा. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, घरी रांधायला कोण होतं. त्या दिवशी कोट घालून आला. म्हणाला, “विस्टिन, छापखान्याला दोन आठवडे थांबायला सांग.”

“का?”

“सांग तर. मग बोलू. एकट्यात.”

मी म्हटलं, “तुझं पुस्तक संपत नाही, म्हणून माझं अडवायला आलास?” आणखीही बोललो. लाल क्लबावरून बोललो. आम्ही एकाच शाळेत मास्तर; त्याच्या बायकोच्या आजारपणात मी त्याला तिथं किती सांभाळून घेतलं, तेही काढलं. चेट्टा चहा घेऊन येत होती, तिच्या हातून ताट पडलं. बास्कलनं खाली बसून फुटलेले पेले गोळा केले, मग गेला. पुन्हा आला नाही. चेट्टा दोन दिवस रडत होती. ते पेले आईचे होते.

त्या वसंतात तिनं एक निळसर पोशाख शिवला होता, चांगला महागाच्या कापडाचा. कुणाच्या लग्नासाठी ते आता आठवत नाही. ते लग्न बहुधा मोडलं, कारण तिनं तो कधी घातला नाही.

११ जून, मंगळवार

डोरियान बाजारात गेल्यावर चिठ्ठी बास्कलच्या पुढे धरली.

“हे सांगायला आला होतास ना, त्या दिवशी?”

“हो.”

“मग नंतर का नाही सांगितलंस? वर्तमानपत्रात लिहिलं असतंस. तुमच्या लालांनी मला गाढवावर बसवून मिरवलं असतं.”

“हो.”

“माझ्यासाठी गप्प बसलास?”

“हो.”

मग सुचलं, म्हटलं, “की नुसता आळस?”

“हो,” तो म्हणाला. त्याच चेहऱ्यानं.

चेट्टा दारात उभी होती, टॉवेलची घडी करत. कधी आली कळलं नाही. मी म्हटलं, “याला काही विचारण्यात अर्थ नाही. माझ्यासाठी पंचवीस वर्षं पुस्तक अडवून ठेवलं की काय, कळायला मार्ग नाही.”

“तुझ्यासाठी,” चेट्टा म्हणाली. प्रश्न होता की उत्तर, ते समजलं नाही. मग ती बास्कलची उशी नीट करायला लागली आणि मला म्हणाली, “जरा बाहेर जाऊन बस. खोलीत गर्दी होते.”

खोलीत आम्ही तिघंच होतो.

२० जून, गुरुवार

दुन फ्रान्सकडे गेलो. आमचे पाद्री, पस्तिशीचे, कायम घाईत. सगळं सांगितलं, तळटिपेसकट. त्यांनी कपाळावर हात मारला.

“विस्टिनसाहेब, बिशपांना निमंत्रण गेलंय. पाटी भिंतीत बसलीय.”

“म्हणून तर आलो.”

“उत्सव होऊ दे. सांत आन्ना काही साल विचारत नाही. नंतर शांतपणे बघू.”

मी हो म्हटलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं आहे.

७ जुलै, रविवार

डोरियानला सप्टेंबरअखेर परत जायलाच हवं, रजा संपते. नवरा आणि दोन मुलं तिकडे. आज जेवताना म्हणाली, पपांसाठी वृद्धाश्रमात जागा मिळतेय, बेटाच्या दुसऱ्या टोकाला. “काय करू, झियू? मीही थकले.”

मी म्हटलं, सोय चांगली असेल तर वाईट काय. चेट्टा सशाचं कालवण वाढत होती. मला वाढायचं विसरली. मी मागितलं तर म्हणाली, “हात आहेत ना तुला?”

उन्हाळ्यात तिचं डोकं दुखतं.

२८ जुलै, रविवार

सकाळी आठपासून बार. कुत्री पलंगाखाली.

संध्याकाळी चौथऱ्यावर चढलो. गुडघा दुखत होता. खाली सगळा चौक, कागदाच्या चिटोऱ्यांनी पांढरा. माझ्या खिशात दोन भाषणं होती. एकात तीनशे होतं, एकात नव्हतं.

मी तीनशेवालं वाचलं.

टाळ्या झाल्या. स्पीरूनं मिठी मारली, अंगाला दारूचा वास, दोन्ही प्रकारच्या. मिरवणूक शुएरेबांच्या सज्जाखालून गेली तेव्हा वर पाहिलं. बास्कलला खुर्चीसकट आणून बसवलं होतं. चेट्टा त्याच्या शेजारी उभी राहून त्याच्या खांद्यावरचे कागद उचलत होती. त्यानं डावा हात वर केला. मूर्तीला केला असेल. मी मान खाली घातली.

२९ जुलै, सोमवार

झोपून राहिलो. दुपारी उठून टेबलाशी बसलो आणि सातवं प्रकरण लिहायला घेतलं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

लिहून झालं. अठरा पानं. बास्कलच्या वळणानं लिहायचा प्रयत्न केला, म्हणजे लहान वाक्यं आणि माणसांची नावं. शेवटची टीप माझ्या सहीनं: साल बास्कल शुएरेबानं शोधलं, आधीचं माझं चुकीचं होतं, आणि मी मूळ कागद न पाहता पाहिला असं लिहिलं होतं.

त्याला वाचून दाखवलं. तो ऐकत होता. संपल्यावर हो म्हणाला नाही. डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. हाताला मुंग्या आल्या तरी मी काढला नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

प्रकाशन लाल क्लबात. त्या पायऱ्या पंचवीस वर्षांनी चढलो. कुणी हसलं नाही, कुणी खुर्चीही दिली नाही. शेवटी ट्रॉम्बोनवाल्यानं आपली दिली.

मी उभा राहून ती टीप वाचली. तळटिपेचंही. कागद टेबलावर ठेवून वाचलं. छतावरचा पंखा तेवढा करकरत होता. मागं स्पीरू उभा होता, निळ्यांकडून तो एकटाच आला होता. तो वळला आणि निघून गेला.

मग पहिल्या रांगेतली ब्याण्णव वर्षांची रोकाया म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “म्हणजे तीनशे वर्षं अजून व्हायचीच आहेत?”

“अकरा वर्षांनी,” मी म्हटलं.

“आता तोवर थांबावं लागणार मला! आधी सांगायचं होतंस, मी मरायच्या तयारीला लागले होते.”

हशा झाला. मीही हसलो असेन. पुस्तकं हातोहात गेली, लोक उभ्याउभ्या आपापल्या घराण्याचं टोपणनाव शोधत होते. बास्कल चाकाच्या खुर्चीत, कोट घातलेला. सगळे येऊन त्याचा हात हातात घेत होते, तो प्रत्येकाला हो म्हणत होता. शेजारी चेट्टा. त्याच्या हनुवटीला लागलेला रस तिनं आपल्या रुमालानं पुसला आणि रुमाल परत पिशवीत ठेवला. कुणीतरी करायलाच हवं होतं.

१६ सप्टेंबर, सोमवार

स्पीरू दाराशी आला. आत ये म्हटलं तर आला नाही. क्लबाच्या कपाटात माझ्या पुस्तकाच्या सहा प्रती होत्या, त्या पिशवीत घालून आणल्या होत्या.

“समितीनं ठरवलंय,” तो म्हणाला. “मला तुम्हाला शिव्या द्यायच्या नाहीत, मास्तर. पण निदान आपल्या क्लबात तरी बोलायचं होतंत. त्यांच्या का?”

बरोबर आहे त्याचं. मी तसं म्हटलंही. तो जायला वळला. “पाटी तशीच राहणार,” म्हणाला. “संगमरवर खोडता येत नाही.”

क्लबातली माझी कोपऱ्यातली खुर्ची गेली. संध्याकाळी कुठं बसायचं ते बघायला हवं. दमलोय. पण आठवडाभर झोप बरी लागतेय.

१८ सप्टेंबर, बुधवार

सकाळी कॉफी पिताना चेट्टा म्हणाली, “बास्कल वृद्धाश्रमात जाणार नाही. मी तिकडे राहायला जातेय.”

“कुठं?”

“त्याच्या घरी. डोरियानशी बोलणं झालंय.”

“किती दिवस?”

तिनं माझ्याकडे पाहिलं, शाळेत मी ढ मुलांकडे पाहायचो तसं. “विस्टिन, कॉफीचा डबा डाव्या फळीवर आहे. भांड्यात पाणी रेषेपर्यंत. सूप मी दुपारी पाठवीन.”

मी म्हटलं, “तुझं वय आहे का हे? परक्या माणसाचं सगळं करायचं? लोक काय म्हणतील?”

“म्हणायला बरीच वर्षं होती त्यांना,” ती म्हणाली आणि कप विसळायला गेली. गुणगुणत होती. मी तिला गाताना ऐकल्याला किती वर्षं झाली ते आठवून पाहिलं. जमलं नाही.

दयाळू स्वभाव आहे. आईवर गेलीय.

२२ सप्टेंबर, रविवार

डोरियानचं विमान दुपारचं. विमानतळाची गाडी आली तेव्हा ती चेट्टाच्या गळ्यात पडून इतकी रडली की ड्रायव्हरनं गाडी बंद केली. चेट्टाला एरवी ‘झिया’, म्हणजे आत्या, म्हणायची, आज जाताना कानात दुसरंच काही म्हणाली, मला ऐकू आलं नाही. चेट्टा लाल झाली.

मग चेट्टाची बॅग मी उचलून नेली. एकच बॅग, फार जड नव्हती. सज्जाचं दार उघडं होतं. बास्कल खिडकीशी. दाढी केलेली, स्वतः केली असावी, दोन ठिकाणी कापलं होतं.

चेट्टा आत शिरली, आणि तो म्हणाला, “चेट्टा.”

‘हो’ नाही. चेट्टा. स्वच्छ, दोन्ही ट सकट.

ती दारातच थांबली. मग जाऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसली, गुडघ्यांचा विचार न करता, आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. आनंदानं माणसाला काय करावं सुचत नाही. मी बॅग ठेवून निघालो.

चार महिने रोज दोन तास त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं, त्याचा हा गुण असणार. उद्या डॉक्टरांना सांगायला हवं. शब्द परतायला लागले की आधी नावं येतात का, हेही विचारेन. माझं यायला वेळ लागेल. जोडाक्षर आहे.